एका यंत्राची साक्ष

दहांपैकीं नऊ साक्षीदार एक गोष्ट सांगतात व दहावा तीच गोष्ट निराळी सांगतो, अशा वेळीं दहाव्याचें काय करावें, हा प्रश्न न्यायासनापुढें, सभेंत आणि घरांतहि नेहमीं उभा राहतो. बहुधा आपण नवांचें ऐकतों, आणि व्यवहार चालविण्यास दुसरा उपायहि नसतो. परंतु व्यवहारासाठीं पत्करलेली ही सोय आणि सत्य यांचें नातें किती घट्ट आहे, याचा विचार करण्याची वेळ सहसा कोणावर येत नाहीं. कारण दहावा साक्षीदार बहुधा मनुष्य असतो, आणि मनुष्याची साक्ष नाकारण्यास कारणें हवीं तितकीं मिळतात. तो लोभी असेल, भ्याड असेल, त्याचें स्मरण दगा देत असेल. पण ज्यास लोभ नाहीं, भय नाहीं, आणि शंभर वेळां विचारलें तरी जो शंभर वेळां तेंच उत्तर देतो, असा साक्षीदार एकटा पडला तर काय करावें? हा प्रसंग कांहीं वर्षांपूर्वीं आमच्यावर आला, आणि त्या वेळीं आम्हीं जें केलें तें योग्य नव्हतें. ज्या उद्योगांत तो आला तो वाचकांपैकीं पुष्कळांस अपरिचित असेल, म्हणून प्रथम त्याविषयीं थोडेसें सांगितलें पाहिजे. प्रश्न मात्र त्या उद्योगापुरता नाहीं, असें आमचें मत आहे.

संगणकाकडून काम करून घ्यावयाचें तर त्यास आज्ञा द्याव्या लागतात. त्या आज्ञा मनुष्य ज्या भाषेंत लिहितो ती यंत्रास कळत नाहीं. यंत्रास कळतात ते केवळ अंक. या दोहोंमध्यें उभा राहून मनुष्याचें लेखन यंत्राच्या अंकांत उतरविणारा जो दुभाष्या, त्यास कंपायलर म्हणतात. हा दुभाष्याहि एक प्रोग्रामच असतो व तोहि मनुष्यानेंच लिहिलेला असतो. आतां यंत्रें सर्व एका जातीचीं नाहींत. कचेऱ्यांतील मेजांवर दिसतात त्यांतील बहुतेक इंटेलच्या घराण्यांतील. आपल्या खिशांतील मोबाइल फोनमध्यें असतात तीं एआरएम नांवाच्या घराण्यांतील. मोठमोठ्या बँकांचे हिशेब ज्यांवर चालतात तीं आयबीएमचीं यंत्रें आणखी निराळीं. प्रत्येक घराण्याची बोली निराळी, आणि बोलीबरोबर चालीरीतीहि निराळ्या. कोणी मोठ्या संख्येचा थोरला भाग आधीं ठेवतो, कोणी धाकटा. हा भेद इतका चिवट कीं, १९८० सालीं डॅनी कोहेन या शास्त्रज्ञानें त्यावर लिहितांना स्विफ्टच्या गलिव्हरला भेटलेल्या, अंडें कोणत्या टोकाकडून फोडावें यावरून भांडणाऱ्या लोकांची उपमा दिली, आणि तेव्हांपासून यंत्रांच्या या दोन पंथांस त्या भांडणाऱ्यांचींच नांवें चिकटलीं आहेत. भाषेच्या नियमांनीं ज्या लेखनाचा अर्थ निश्चित केला आहे, त्याचा तोच अर्थ या सर्व घराण्यांच्या यंत्रांवर उतरविणें हें चांगल्या कंपायलरचें कर्तव्य होय.

तें तो पार पाडतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं चांचण्या असतात. चांचणी म्हणजे एक लहानसा प्रोग्राम आणि त्याचें आधीं ठरलेलें उत्तर. कंपायलरमध्यें एक ओळ बदलली तरी प्रतिष्ठित कंपायलरांच्या हजारों चांचण्या निरनिराळ्या यंत्रांवर पुन्हां चालविल्या जातात, आणि शेवटीं एक यादी हातीं येते. एखादी चांचणी सर्वच यंत्रांवर पडली तर त्यांत विचार करण्यासारखें कांहीं नसतें. चूक आपली आहे हें उघड असतें, व ती शोधावी लागते. अवघड जाते ती चांचणी, जी एकाच यंत्रावर पडते. अशा वेळीं तीन संशयित असतात: तें यंत्र, ती चांचणी लिहिणारा, आणि कंपायलर लिहिणारे आपण. मनुष्यस्वभाव असा कीं, या तिघांपैकीं आपलें नांव तो सर्वांत शेवटीं घेतो. इतर ठिकाणीं तर सर्व ठीक आहे, असें तो म्हणतो. आणि हें वाक्य जसें समाधान देतें तसेंच पुराव्याचें रूपहि घेतें.

आमच्या प्रसंगाकडे वळूं. आम्ही चार मित्र मिळून शाळेंतील मुलांसाठीं प्रोग्राम लिहिण्याची एक लहानशी भाषा व तिचा कंपायलर तयार करीत होतों. मुलांनीं आपल्या प्रोग्रामांतील राशींना देवनागरींत नांवें द्यावींत, ‘वय’, ‘उंची’, ‘बेरीज’ असे आपले शब्द वापरावे, हा त्या भाषेचा एक मुख्य हेतु होता. तेव्हां तशा नांवांची चांचणीहि आम्हीं लिहिली होती. आमच्याजवळ पांच यंत्रें होतीं: चार इंटेल घराण्यांतील, आणि एक हाताच्या पंजाएवढें, रास्पबेरी पाय नांवाचें स्वस्त यंत्र, जें एआरएम घराण्यांतील आहे. चारी यंत्रांवर चांचणी उत्तीर्ण झाली, पांचव्यावर पडली. तेथें कंपायलर म्हणे, ‘नियमबाह्य अक्षर’. पुन्हां चालविली, पुन्हां तेंच. रात्र बरीच झाली होती, आणि दुसऱ्या दिवशीं आवृत्ति प्रसिद्ध करावयाची होती. चांचण्यांच्या यादींत एखाद्या चांचणीस एखाद्या यंत्रापुरती सूट देतां येते व सुटीचें कारणहि लिहितां येतें. आम्हीं त्या यंत्रापुरती सूट दिली आणि कारण लिहिलें: ‘या यंत्रावर देवनागरीचा आधार अपुरा’. हें वाक्य कोणत्याहि शोधाचें फळ नव्हतें. तें आम्हांस संभवनीय वाटलें, इतकेंच. यंत्र लहान, स्वस्त. त्याला देवनागरी कोठून येणार! दुसऱ्या दिवशीं यादींत एकहि चांचणी पडलेली दिसली नाहीं आणि आवृत्ति प्रसिद्ध झाली.

पुढें सात-आठ महिन्यांनीं कोंकणांतील एका शाळेच्या शिक्षकांचें पत्र आलें. त्यांच्या शाळेंत तींच लहान यंत्रें होतीं, कारण तेवढींच परवडण्याजोगीं होतीं. एका मुलानें आपला पहिला प्रोग्राम लिहिला, त्यांत ‘वय’ हें नांव वापरलें, आणि कंपायलरनें त्याला ‘नियमबाह्य अक्षर’ म्हणून परत पाठविलें. मुलाला वाटलें, आपलें अक्षर चुकलें. त्यानें तो शब्द दोन दिवस पुनःपुन्हां टंकला. शेवटीं शिक्षकांनीं आमची माहितीपुस्तिका उघडली. तिच्यांत मर्यादांच्या यादीखालीं आमचें तें वाक्य आलेलें होतें. सुटीच्या कारणांतून तें कोणीतरी तेथें उतरून घेतलें असावें. शिक्षकांनीं तें वर्गास वाचून दाखविलें, आणि त्या दिवसापासून मराठी या यंत्रांत चालत नाहीं, हा त्या वर्गाचा एक नियम झाला. मुलें रोमन लिपींत नांवें देऊं लागलीं. पत्रांत तक्रार नव्हती. मोठें यंत्र घेतलें तर मराठी चालेल काय व त्यास खर्च किती येईल, एवढीच पृच्छा होती.

पत्र वाचल्यावर आम्ही पांचव्या यंत्रापाशीं बसलों. चांचणींतील ओळी एकेक करून काढून टाकल्या; शेवटीं एका राशीचें नांव तेवढें उरलें आणि दोष तरीहि उरला. नांव रोमन केलें, दोष गेला. देवनागरी केलें, परत आला. तेव्हां यंत्र बाजूस ठेवून आम्हीं आमचेंच लेखन उघडलें. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांनीं लिहिलें जातें, आणि तिन्ही बाइटांचें मूल्य १२७ पेक्षां अधिक असतें. ‘व’ या अक्षराचा पहिला बाइट २२४ आहे. आमचा कंपायलर प्रत्येक बाइट घेई व २५६ घरांच्या एका कोष्टकांत त्याचा वर्ग पाही: हें अक्षर, हा अंक, हें विरामचिन्ह, हें नियमबाह्य. या कोष्टकाचा पहिला अर्धा भाग आम्हीं काळजीपूर्वक भरला होता. दुसरा अर्धा भाग मागाहून भरूं म्हणून सर्वत्र ‘नियमबाह्य’ असें लिहून ठेवला होता आणि मग विसरलों होतों. म्हणजे पांचवें यंत्र २२४ व्या घरांत गेलें, तेथें आम्हींच लिहिलेला शब्द त्यानें वाचला, आणि तोच आम्हांस सांगितला.

मग उरलेलीं चार यंत्रें उत्तीर्ण कशीं झालीं? आमचा कंपायलर सी भाषेंत लिहिलेला होता. या भाषेंत एका बाइटाचें अक्षर ० ते २५५ मानावें कीं उणे १२८ ते १२७ मानावें, याचा निर्णय १९८९ च्या प्रमाणग्रंथानेंहि ज्याच्या त्याच्यावर सोडला आहे. लिनक्सवर इंटेल घराण्यांत तें ऋण होऊं शकतें. एआरएम घराण्यांत होत नाहीं. तेव्हां इंटेलच्या यंत्रांनीं २२४ या बाइटास उणे ३२ मानलें व तीं आमच्या कोष्टकाच्या सुरवातीच्याहि मागें, बत्तीस घरें बाहेर गेलीं. तेथें स्मृतींत दुसऱ्याच कामाचें एक कोष्टक होतें, त्यांत बहुतेक ठिकाणीं १ हा अंक होता, आणि आमच्या कोष्टकांत १ याचा अर्थ ‘अक्षर’ असा होता. शेजाऱ्याच्या घरांत चुकून शिरून तेथें सांपडलेलें उत्तर त्या चौघांनीं आम्हांस आणून दिलें होतें, आणि आम्हीं त्यांस शाबासकी दिली होती. खातरी करून घेण्यासाठीं आम्हीं इंटेलच्या यंत्रावर बाइट नेहमीं धन मानण्याची आज्ञा देऊन तीच चांचणी चालविली. तेथेंहि ती लगेच पडली. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले.

या ठिकाणीं बहुमताविषयीं पहिली गोष्ट ध्यानांत येते. चार विरुद्ध एक असा आम्हीं हिशेब केला होता, पण चार यंत्रें हे चार साक्षीदार नव्हतेच. तीं एका घराण्यांत वाढलेलीं, एकाच चालीचीं. एका साक्षीदारास चार वेळां उभें करून आम्हीं त्याचीं चार मतें मोजलीं होतीं. खरा हिशेब एकास एक असा होता. मनुष्यांच्या सभेंतहि असेंच घडतें. एकाच वर्तमानपत्रावर वाढलेलीं शंभर माणसें एका मताचीं निघालीं तर त्यांतून त्या वर्तमानपत्राचा खप तेवढा सिद्ध होतो.

दुसरी गोष्ट आमच्या नैयायिकांनीं फार पूर्वीं सांगून ठेविली आहे. धूर आहे तेथें अग्नि आहे, हें विधान ते मान्य करतात. अग्नि आहे तेथें धूर आहे, हें उलट विधान मान्य करीत नाहींत. कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो आणि धूर नसतो. चुलींत, यज्ञशाळेंत, वणव्यांत हजार ठिकाणीं अग्नीबरोबर धूर पाहिलेला असला तरी तो एक गोळा त्या हजारांस पुरून उरतो. पण ते तेथेंच थांबत नाहींत. मग त्या हजार ठिकाणीं धूर कां दिसला, असें ते पुढें विचारतात, आणि उत्तर देतात कीं तेथें सर्पण ओलें होतें. जी अट कोणीं बोलून दाखविली नव्हती, पण जिच्या जोरावर नियम उभा होता, तिला ते उपाधि म्हणतात. आमचा कंपायलर देवनागरी नांवें वाचतो, हें आमचें विधानहि असेंच सोपाधिक होतें. बाइट ऋण मानणारें यंत्र असावें आणि शेजारीं नेमकें तेंच कोष्टक असावें, या अटींवर तें उभें होतें. पांचवें यंत्र हा आमचा लोखंडाचा गोळा होता. तें नसतें तर शेजारचें कोष्टक हलेपर्यंत आम्हांस आमच्या ओल्या सर्पणाचा पत्ता लागला नसता. आणि तें हललें असतें त्या दिवशीं पांचहि यंत्रांवर मराठी बंद पडली असती.

असे प्रकार या उद्योगांत विरळ नाहींत. पूर्णांकास शून्यानें भागावयास सांगितलें तर इंटेलचें यंत्र काम अडवून तक्रार करतें, आणि ६४ बिटी एआरएम यंत्र शून्य हें उत्तर देऊन मुकाट्यानें पुढें जातें. दोन कामें एकाच वेळीं चालूं असतां एकानें स्मृतींत लिहिलेल्या दोन गोष्टी दुसऱ्यास त्याच क्रमानें दिसतील, अशी शिस्त इंटेलचें यंत्र सामान्यतः पाळतें. एआरएमला तसें बंधन नाहीं. म्हणून जेथें क्रमाची स्पष्ट आज्ञा द्यावयास हवी होती तेथें ती देण्यास विसरलेला प्रोग्राम इंटेलवर वर्षानुवर्षें बिनचूक चालूं शकतो, व एआरएमवर लाखांतून एखाद्या वेळीं दगा देतो. अशा वेळीं नवीं यंत्रें वाईट, असा शेरा सहज तोंडांतून निघतो. वस्तुतः जुन्या यंत्राच्या सौजन्यावर आपण इतकीं वर्षें निर्वाह करीत होतों. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनीं १९६९ सालीं रोम येथील परिषदेंत सांगितलें होतें कीं, चांचणीनें दोष आहे हें दाखवितां येतें, दोष नाहीं हें दाखवितां येत नाहीं. हें सर्वांस मान्य असतें. पण उत्तीर्णांची लांबलचक यादी समोर आली कीं तें विसरणेंहि तितकेंच सोपें असतें.

येथें कोणी विचारील कीं, एकटा साक्षीदार नेहमींच खरा असतो काय? अर्थात् नाहीं. कधीं कधीं दोष यंत्राचाच असतो. १९९४ सालीं व्हर्जिनियांतील लिंचबर्ग कॉलेजांत गणित शिकविणारे थॉमस नाइसली जुळ्या अविभाज्य संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत होते. जूनमध्यें त्यांच्या उत्तरांत विसंगति आढळली. त्यांच्या यंत्रसमूहांत नुकताच इंटेलच्या पेंटियमचा संगणक आला होता. त्याच्यावर बोट ठेवणें सोपें होतें. पण त्यांनीं महिनोन् महिने आपलाच प्रोग्राम, कंपायलर, यंत्राचे इतर भाग असें एकेक कारण तपासून बाजूस केलें, आणि ऑक्टोबरमध्यें, दुसरें कांहीं उरलें नाहीं तेव्हां, पेंटियमचा भागाकार चुकतो असें जाहीर केलें. त्या यंत्रांतहि एक कोष्टक होतें व त्यांतील पांच घरें भरावयाचीं राहून गेलीं होतीं. सामान्य मनुष्यास ही चूक सरासरी २७,००० वर्षांत एकदां भेटेल, असें इंटेलचें प्रारंभीं म्हणणें होतें. डिसेंबरमध्यें मागेल त्यास यंत्राचा तो भाग बदलून देण्याचें त्यांनीं कबूल केलें, आणि त्यापायीं त्यांस साडेसत्तेचाळीस कोटि डॉलरांची तजवीज करावी लागली. नाइसलींचा निष्कर्ष, दोष यंत्राचा आहे, हा शब्दशः आमच्याच निष्कर्षासारखा दिसतो. पण त्यांनीं तो शेवटीं काढला, आणि आम्हीं तो पहिल्या रात्रीं काढला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मनुष्याचें आयुष्य थोडें, यंत्रांच्या जाती पुष्कळ. प्रत्येक यंत्राच्या प्रत्येक तक्रारीच्या मुळाशीं जाऊं लागलें तर काम कधींच पुरें व्हावयाचें नाहीं. हें आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. पण मोठे कंपायलर लिहिणाऱ्यांनीं या अडचणींतून जो मार्ग काढला आहे तो पाहण्यासारखा आहे. जीसीसी हा कंपायलर ज्या व्यवस्थेनें तपासला जातो तींत उत्तीर्ण व अनुत्तीर्ण एवढेच दोन निकाल नाहींत. ‘अपेक्षेप्रमाणें अनुत्तीर्ण’, ‘या यंत्रास लागू नाहीं’, ‘अनिर्णित’ असे निराळे निकाल आहेत, आणि ‘अपेक्षेविरुद्ध उत्तीर्ण’ असाहि एक आहे; पडावयाची म्हणून नोंदलेली चांचणी अचानक उत्तीर्ण झाली तर तीहि गोष्ट वेगळी दाखविली जाते. रस्ट या भाषेचे कर्ते यंत्रांच्या तीन श्रेणी उघड प्रसिद्ध करतात: पहिलीवर प्रोग्राम चालतील याची हमी, दुसरीवर कंपायलर बांधला जाईल एवढीच हमी, तिसरीवर कोणतीहि हमी नाहीं. तिसऱ्या श्रेणींतील यंत्रावर विसंबणारा मनुष्य फसला असें म्हणतां येत नाहीं.

जावा भाषेचा इतिहास याहून बोधप्रद आहे. एकदां लिहा आणि कोठेंहि चालवा, असें अभिवचन देत ती १९९५ सालीं लोकांपुढें आली, आणि अपूर्णांकांचें गणितहि सर्व यंत्रांवर तंतोतंत एकच उत्तर देईल असा तिचा नियम होता. पण त्या काळच्या इंटेल यंत्रांचा अपूर्णांकांचा विभाग ८० बिटांत गणित करी. त्यास नियमाप्रमाणें ६४ बिटांत चोख वागविण्यास वेळ फार लागे. तेव्हां १९९८ सालीं नियम सैल करण्यांत आला. परंतु तो सैल केला आहे हें ग्रंथांत लिहिलें गेलें, आणि ज्यास जुनें कडक गणित हवें असेल त्याच्यासाठीं एक स्वतंत्र शब्द भाषेंत ठेवण्यांत आला. पुढें पेंटियम ४ पासून इंटेलच्या यंत्रांत नवी सोय आली, अडचण दूर झाली, आणि २०२१ सालच्या १७ व्या आवृत्तींत जुना कडक नियम सर्वत्र पुन्हां लागू झाला. तडजोड तेवीस वर्षें टिकली. पण ती तडजोड म्हणून नोंदलेली असल्यामुळें, कोठें परत जावयाचें हें परत जाणाऱ्यांस ठाऊक होतें.

आतां आमच्या अपराधाचें स्वरूप नीट सांगतां येईल. त्या रात्रीं आम्हीं त्या चांचणीस सूट दिली, हा अपराध नव्हता. वेळ नव्हता आणि काम थांबवितां येत नव्हतें. त्या मुलास त्रास झाला म्हणूनच तो अपराध ठरतो असेंहि नाहीं. तें पत्र कधींच आलें नसतें, किंवा चांचणी एखाद्या क्षुल्लक कारणानें पडलेली निघाली असती, तरी आमची कृति तीच राहिली असती. सुदैवानें कोणास बाधा न झाली तर कृत्य निर्दोष होतें, असें मानणें हें शेजारच्या कोष्टकांतील १ अंकावर विसंबण्यासारखेंच आहे. अपराध त्या एका वाक्यांत होता. जें आम्हांस ठाऊक नव्हतें तें ठाऊक असल्यासारखें आम्हीं लिहिलें. ‘येथें पडते, कारण ठाऊक नाहीं’ असें लिहिलें असतें तर त्या पांच शब्दांनीं शोधाचें दार उघडें राहिलें असतें, आमच्यापैकीं कोणी, किंवा तें शिक्षकच, त्यांतून आंत शिरले असते. खोट्या कारणानें तें बंद झालें. कारण एकदां लिहिलें कीं पुन्हां कोणी विचारीत नाहीं. तें यादींतून पुस्तिकेंत जातें, पुस्तिकेंतून वर्गांत, आणि वर्गांतून मुलाच्या मनांत. वाटेंत प्रत्येक जण त्यास आपल्यापरीनें थोडें अधिक निश्चित करीत जातो. ‘आधार अपुरा’ याचें ‘चालत नाहीं’ झालें, आणि एका यंत्राविषयींची अटकळ एका भाषेविषयींचा नियम होऊन बसली. त्या नियमाची किंमत आम्हांपैकीं कोणीं दिली नाहीं. ज्याला दुसरें यंत्र घेणें शक्य नव्हतें त्यानें ती दिली.

म्हणून आमचें मत असें बनलें आहे कीं, एकट्या साक्षीदाराचें म्हणणें मान्य करण्याचें बंधन कोणावर नाहीं, आणि तें तात्काळ तपासण्याचेंहि नाहीं. बंधन एवढेंच आहे कीं, न तपासतां त्याला नाकारावयाचें असेल तर न तपासतां नाकारलें असें लिहावें. त्याच्या दारिद्र्याचें, त्याच्या जातीचें, त्याच्या लहानपणाचें कारण त्याच्या तोंडावर चिकटवूं नये. हें दिसतें सोपें. पण कारण ठाऊक नाहीं हे शब्द लिहितांना जाणत्या माणसाचा हात अडखळतो, याचा अनुभव आम्हीं त्या रात्रीं घेतलेला आहे.

कोष्टकाचा दुसरा अर्धा भाग भरण्यास आणि बाइट सर्वत्र धन मानण्याची आज्ञा लिहिण्यास आम्हांस एक तासहि लागला नाहीं. शिक्षकांस आम्हीं लिहिलें कीं, नवें यंत्र घेऊं नका. तुमच्या यंत्राचें बरोबर होतें, मुलाचेंहि बरोबर होतें, आणि पुस्तिकेंतील वाक्य आम्हीं न तपासतां लिहिलेलें होतें. हें पत्र वर्गांत वाचून दाखवावें अशीहि विनंति केली, कारण पहिलें वाक्य वर्गांतच वाचलें गेलें होतें. ‘वय’ हा शब्द आतां आमच्या चांचण्यांत आहे आणि पांचहि यंत्रांवर उत्तीर्ण होतो. सुटीच्या यादीचा नियमहि आम्हीं बदलला: सूट कोणीं दिली, केव्हां दिली, आणि कारण तपासलें असल्यास तें, नसल्यास तसें स्पष्ट लिहावें. हा लेख लिहीत असतां त्या यादींत तीन ओळी अशा आहेत कीं, त्यांच्यापुढें ‘कारण ठाऊक नाहीं’ एवढेंच लिहिलेलें आहे, आणि त्यांतील एक ओळ आमच्या सहीची आहे.